तिसऱ्या कुठल्या पाण्यातल्या?

खाजनकाठ

गेल्या रविवारी वास्कोच्या मासळी बाजारात तिसऱ्यांचा (छोट्या शिंपल्यांचा) वाटा घेताना सवयीने विचारलं, "खंयच्यो गो?" म्हणजे कुठल्या गं? बाई म्हणाली, "चिखलेच्यो." शेजारणीकडे वळले, तिच्याही चिखलीच्या. तिसरीच्याही चिखलीच्याच. मी स्वतः चिखलीत राहते. ओहोटीला खाडीत उतरणारे बरेचसे तोंडओळखीचे आहेत. तिघींच्या टोपल्या भरतील एवढा माल त्या दिवशी तिथे निघाला नव्हता, एवढं मी छातीठोक सांगते.

त्यांना मला फसवायचं होतं असं नाही. चिखलीच्या तिसऱ्यांना नाव आहे, गिऱ्हाइकाला तेच ऐकायचं असतं, म्हणून तेच उत्तर. मला मात्र ते वेगळ्या कारणासाठी हवं होतं.

मी बावीस वर्षं एका मासळी निर्यात कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. (कुठली ते विचारू नका, अजून बाजारात सगळे भेटतात.) काम म्हणजे खेपेतला नमुना वाटायचा, आम्लात विरघळवायचा, यंत्राला पाजायचा आणि शिसं, कॅडमियम, पारा यांचे आकडे वहीत उतरवायचे. शिंपल्यांच्या मांसाला युरोपची मर्यादा किलोमागे शिसं १.५ मिलिग्रॅम आणि कॅडमियम १ मिलिग्रॅम. आकडा वर गेला की माल अडला, मग मॅनेजर कितीही नाचो. आणि संध्याकाळी घरी येताना मी त्याच समुद्रातली मासळी बाजारातून घ्यायचे, जिला कोणीच काही विचारलेलं नसायचं. बावीस वर्षांत हे मला एकदाही खटकलं नाही. आता रिकामपणी खटकतंय.

एकदा माणक्यांची (स्क्विडच्या जातीतल्या) खेप परदेशातून परत आली. कारण कॅडमियम. माणकीच्या पोटात यकृतासारखी तपकिरी पिशवी असते, शरीरातला बहुतेक कॅडमियम तिथे साठतो. हंगामात मालाची रीघ लागलेली, साफसफाई उरकल्यासारखी झाली. पिशवी फुटली किंवा आत राहिली की गोठवताना-वितळताना तो पांढऱ्या मांसात झिरपतो. परत आलेल्या मालाचं पुढे काय झालं, ते मला कोणी सांगितलं नाही. मीही नेट लावून विचारलं नाही.

तिसऱ्या, शिणाणे (खडकांवरचे शिंपले), कालवं यांची गोष्ट तर अजून वेगळी. मासा पोहून निघून जातो. हे बिचारे जिथे जन्मले त्याच्या आसपास बसून पाणी गाळत राहतात. मोठं कालव दिवसाला दीडदोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. पाण्यात मोजता येणार नाही इतकं थोडं जे असेल, ते शिंपल्याच्या अंगात महिनोन्महिने साचून मोजण्याजोगं होतं. एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुचवलं की किनाऱ्याचं पाणी तपासत बसू नका, शिंपले तपासा. १९८६ पासून अमेरिकेच्या सगळ्या किनाऱ्यांवर ते सुरू झालं. आपण ज्याचं सुकं करतो, ते लोक त्याचा मीटर करतात.

तेलाचंही तसंच. डिझेल, डांबर यांतल्या घातक संयुगांची माशाचं यकृत बऱ्यापैकी मोडतोड करतं. शिंपल्याला ते फारसं जमत नाही. मे महिना लागलाय, किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊ लागतील, दरवर्षी येतात. बाहेर समुद्रात कोणीतरी टाक्या धुतं आणि तळवे आम्ही रॉकेलने घासतो.

आणि हे गोव्याला नवं नाही. सत्तरच्या दशकात वेळसांवच्या समुद्रात खत कारखान्याच्या सांडपाण्याबरोबर आर्सेनिक गेलं, मेलेली मासळी किनाऱ्याला लागली. माथानी साल्ढाणांसारखे नेते रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) घेऊन रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं. मी तेव्हा लहान होते. घरी आई आठवडाभर नुसती भाजी करत होती आणि बाबा ताटावर बसून कोणाशीच बोलत नव्हते, एवढं आठवतं.

तर प्रश्न असा. तुमच्याकडे मासळी घेताना "कुठल्या पाण्यातली" हे खरोखर कळायला काही मार्ग आहे का? ताजी कशी ओळखायची ते नकोय, ते सगळ्यांना येतं.

सोलकढी

ताई, आजच तिसऱ्यांचं सुकं केलंय. धागा जेवणानंतर टाकायचा ना.

पेठेतला मासेखाऊ

गोव्यात २०१८ मध्ये फॉर्मलीनचं झालं होतं, हे त्यातलंच का? तेव्हा आम्ही सुट्टीवर होतो, हॉटेलात चिकन खाऊन परत आलो. अजून बायको ऐकवते.

खाजनकाठ

ते वेगळं, पण बरं आठवलंत. जुलै २०१८. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या गाड्यांची तपासणी झाली. सकाळी जागेवरच्या किटने फॉर्मलीन दाखवलं, संध्याकाळी प्रयोगशाळेतून "मर्यादेत आहे" असं आलं. लोक भडकले ते याच शब्दावर. जे मासळीत घालायलाच परवानगी नाही, त्याला मर्यादा कसली? मग पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद केली होती.

खरी गंमत अशी की थोडं फॉर्माल्डिहाइड (फॉर्मलीन म्हणजे त्याचंच द्रावण) काही माशांत मेल्यावर आपोआप तयार होतं, बोंबलात तर चांगलंच. म्हणजे "सापडलं" एवढ्याने चोरी सिद्ध होत नाही, आणि "मर्यादेत" एवढ्याने समाधान होत नाही. हे त्या वेळी शांतपणे सांगणारं माणूस मिळालं नाही आणि मिळालं असतं तरी कोणी ऐकलं नसतं.

फरक एवढाच की फॉर्मलीन मासा मेल्यावर वरून लागतं. मी बोलतेय ते जिवंतपणी आत गेलेलं.

एकभुक्त

सोपा उपाय आहे. मासे सोडा.

सोलकढी

सांडपाणी जातं त्याच नदीचं पाणी भाजीला घालतात, एकभुक्तराव. तुम्ही भाजी सोडा, आम्ही मासे सोडतो.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, आजोळ दाभोळ खाडीकाठी. आमची भोयांची वस्ती, आजोबा खाडीतच जाळं टाकायचे. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आले तेव्हा मी शाळेत होतो. मामालाच तिथे नोकरी लागली, घरात पेढे वाटले होते. हे आधीच सांगतो, नाहीतर वाटेल आम्ही पहिल्या दिवसापासून विरोधात होतो.

मग पहिल्या पावसानंतर खाडीत मासे वर येऊ लागले. पहिल्या पावसानंतरच का, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. उन्हाळाभर साठवलेलं पुराच्या पाण्यात सोडून दिलं की मोजायला कोण येणार? एका सकाळी आजोबांनी मला होडीत नेलं. पाण्यावर बोटभर लांबीची पिल्लं उलटी तरंगत होती, पांढरी पोटं वर, सगळीकडे. बोई, काळुंद्री, खरबी. आजोबांनी वल्ह्याने ती बाजूला सारत वाट काढली. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर हात मात्र राखेने तीनदा धुवायला लावले.

अधिकारी यायचे ते तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत भरती-ओहोटीने चार-पाच वेळा खाडी धुऊन निघालेली. बाटलीत पाणी भरून न्यायचे, अहवाल यायचा: पाणी ठीक. एकदा आजोबांनी त्यातल्या एकाला चिखलातली कालवं काढून दिली, म्हणाले हीही न्या. तो म्हणाला, "आजोबा, आम्हाला फक्त पाण्याचा नमुना घ्यायचा आदेश आहे."

तुमचं गोल्डबर्गचं वाचलं आणि हे आठवलं. आजोबा चौथी शिकलेले.

खाजनकाठ

वाशिष्ठीकाठ, हे वाचून जरा वेळ स्क्रीनकडे बघत बसले. पाणी तिसऱ्या दिवशी बदलतं, कालव बदलत नाही. आजोबांना बरोबर कळलं होतं. त्या अधिकाऱ्यालाही कळलं असणार.

पन्नास पावसाळे

दरवर्षी काहीतरी नवीन घाबरवायला निघतं. आमचे आजोबा शिणाणे खाऊन ब्याण्णव वर्षं जगले. वाफवून पहिलं पाणी टाका, सोलं घाला, काही होत नाही.

खाजनकाठ

काका, आजोबांना नमस्कार. पण त्यांनी खाल्लेले शिणाणे कुठल्या सालातले ते बघा. पाणी तेव्हाचं होतं.

वाफवण्याबद्दल: जंतू मरतात, हे खरं आणि महत्त्वाचं. धातू मरत नाहीत. पहिल्या पाण्यात थोडे जातात, बाकीचे मांसातच राहतात, आणि शिजताना मांस आकसतं म्हणजे तेवढाच धातू कमी वजनात बसतो. मिथिल पारा (माशांत साठतो ते पाऱ्याचं रूप) तर स्नायूंच्या प्रथिनाला चिकटलेला असतो, त्याला सोलं काय करणार? सोलं चवीसाठी घाला, मीही घालते. तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की रेती सोडतात. स्वच्छ वाहत्या पाण्यात दोन दिवस ठेवल्या की जंतूही बरेच सोडतात. कॅडमियम सोडायला आठवडे-महिने लागतात.

चव आणि वासाचंही तेच. तेलाचा अपवाद सोडला तर नाकाला काही कळत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोनापावलाजवळ ते नाफ्थाने (पेट्रोलसारख्या पातळ तेलाने) भरलेलं जहाज येऊन खडकावर बसलं होतं ना, दोन हजार टनांहून जास्त नाफ्था पोटात आणि वर माणूस नाही. तेव्हा गळती झाली असती तर निदान नाकाला कळलं असतं. मिनामाताला नाकाला काही कळलं नाही. जपानमधलं मासेमारी गाव, कारखाना १९३२ पासून पारा वापरत होता, रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची. माणसांआधी मांजरं आजारी पडली, तोल जाऊन समुद्रात पडायची, लोक म्हणायचे मांजरं नाचतात. मासळी चवीला उत्तम होती. सोडणं थांबलं १९६८ मध्ये.

गोव्यात मिनामाता आहे असं मी म्हणत नाहीये. काका, पुढच्या प्रतिसादात हे माझ्या तोंडी घालू नका.

पन्नास पावसाळे

नाही घालत. मांजरांचं माहीत नव्हतं.

मोजपट्टी

विश्लेषणाच्या क्षेत्रात आहे म्हणून थोडं पाल्हाळ लावतो. नेटवर "अमुक नदीतल्या शिंपल्यांत मर्यादेच्या पाचपट कॅडमियम" असं वाचलं की आधी बघा, आकडा कोरड्या वजनाचा आहे की ओल्या. संशोधक बहुधा नमुना वाळवून मोजतात. कायद्याची मर्यादा ओल्या मांसावर असते. शिंपल्याच्या मांसात साधारण ऐंशी टक्के पाणी, म्हणजे कोरड्याचा आकडा ओल्याच्या सुमारे पाचपट दिसतो. ही एक गफलत मी वर्तमानपत्रांत इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही.

दुसरं, आर्सेनिक. कुर्ल्या-सुंगटांत एकूण आर्सेनिक नेहमीच जास्त निघतं. त्यातलं बहुतेक आर्सेनोबीटेन या रूपात असतं, ते लघवीवाटे जातं, विषारी नाही. घातक ते असेंद्रिय. कुठलं मोजलंय ते न सांगणारा अहवाल बाजूला ठेवा.

तिसरं, कॅडमियम सगळाच कारखान्याचा नसतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर खालचं थंड पाणी वर येतं, ते स्वतःबरोबर कॅडमियम आणतं. म्हणून एका नमुन्यावरून कोणाला फाशी देऊ नये. आणि म्हणूनच दरवर्षी, त्याच जागी, त्याच महिन्यात मोजायला हवं, जे होत नाही.

मर्यादाही सगळीकडे एक नाही. शिंपल्यांतल्या कॅडमियमला युरोप १ म्हणतो, कोडेक्सचं आंतरराष्ट्रीय प्रमाण बहुतेक शिंपल्यांना २. समुद्र तोच, शिंपला तोच.

फोंडेकरीण

माझ्या सुनेला सातवा महिना चालू आहे. डॉक्टर म्हणतात मासे खा, हा धागा म्हणतो बघून खा. मी नेमकं काय आणू ते कोणी सांगेल का? मोरीचं (शार्कचं) आंबट तिला फार आवडतं.

मोजपट्टी

फोंडेकरीण काकू, मोरी या महिन्यांत नको. पारा लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून अजून मोठ्यात चढत जातो आणि मोरी सगळ्यांच्या वर बसलेली.

हिशोब करून दाखवतो. मिथिल पाऱ्याची आठवड्याची सुरक्षित पातळी वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम धरतात, ती ठरवतानाच पोटातल्या बाळाचा विचार केलेला आहे. सुनबाई साठ किलोच्या असतील तर आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. मोरीसारख्या माशांना युरोप किलोमागे १ मिलिग्रॅम पाऱ्यापर्यंत परवानगी देतो. माशातला पारा बहुतेक मिथिलच असतो. तेव्हा मर्यादेला टेकलेली, म्हणजे कायद्याने चोख, मोरी असली तरी ९६ ग्रॅममध्ये आठवड्याचा कोटा संपला. दोन तुकडे. सगळ्या मोऱ्या मर्यादेला टेकलेल्या नसतात, पण कुठली ते बघून कळणार नाही.

खाजनकाठ

काकू, घाबरू नका, मासे बंद तर मुळीच करू नका. बाळाच्या मेंदूला ते हवेतच. तारले, पेडवे, बांगडे, वेर्ल्या आणा. लहान, थोडं जगणारे, खालच्या पायरीवरचे. स्वस्तही. मोरी, वागळी, मोठा इसवण, कुपा हे बाळंतपणानंतर. आंबट बांगड्याचं करा, तेफळं जरा जास्त घाला, तिला फरक कळणार नाही. म्हणजे कळेल, पण चालवून घेईल.

आधी खाल्लेल्या मोरीचं मनाला लावून घेऊ नका. पारा शरीरातून साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो. कॅडमियमसारखा मूत्रपिंडात दहा-वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकत नाही. आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आम्ही सगळे पडद्याआडचे.

डिचोलीकर

खनिजाचं कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. आमच्या बाजूने लाल मातीच्या बार्जी मांडवीतून खाली जायच्या. घाटावर पाय धुतले तर पाय लाल. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या तेव्हा धंदा बसला, माझ्या भावाचे दोन ट्रक घरासमोर गंजले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र गावातल्या बायका म्हणू लागल्या की खुबे (नदीतले शिंपले) पुन्हा लागतायत. खरं-खोटं मोजपट्टींनी ठरवावं. माझ्या घरात याच्यावर एकमत नाही. आई खुब्यांच्या बाजूने, भाऊ ट्रकांच्या.

मोजपट्टी

मोजल्याशिवाय ठरवणार नाही, पण अशक्य काही नाही. लोखंड स्वतः फार विषारी नाही. बारीक गाळ शिंपल्यांच्या कल्ल्यांत बसतो, पिल्लांना रुजायला जागा उरत नाही. त्या गाळाला मँगनीज आणि इतर धातू चिकटून येतात. मांडवी-झुआरीच्या गाळातल्या धातूंवर गोवा विद्यापीठ आणि दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था, दोन्हीकडे बरंच काम झालंय. बार्जी थांबल्या तरी तळातला गाळ तिथेच आहे, ड्रेजिंग केलं, म्हणजे तळ उपसला, की पुन्हा वर.

पाणबुड्या

यावरून आठवलं. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या प्रबंधासाठी मुरगाव बंदराच्या बाजूला खडकांवरचे शंख गोळा करायला जायचो. बादलीभर शंख, मग प्रयोगशाळेत व्हाइसमध्ये दाबून कवच फोडायचं आणि भिंगाखाली नर-मादी वेगळे करायचे. एके दिवशी ती म्हणाली, "हे बघ काय आहे." मादी होती. अंडाशय, सगळं व्यवस्थित. आणि शिवाय नराचं जे असतं तेही उगवलेलं.

आम्ही आधी हसलो. मग पुढची मादी फोडली, तिलाही.

कारण बोटींचा रंग. जहाजाच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून रंगात ट्रायब्यूटिल टिन घालायचे. पाण्यात एका लिटरला एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग असला तरी शंखांच्या माद्यांना हे होतं. पुढे अंडी घालायचा मार्गच बंद होतो आणि त्या खडकावरची पैदास संपते. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत सत्तरच्या दशकाअखेर कालवांची पिल्लंच येईनात, कवचं जाड नि वेडीवाकडी. १९८२ मध्ये त्यांनी २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग बंद केला. जगभरच्या बंदीचा करार झाला २००१ मध्ये, लागू व्हायला २००८ उजाडलं. मुरगाव आणि दोनापावलाच्या गाळात हे रसायन मोजून सापडलेलं आहे.

अजून बंदराजवळच्या खडकावरचे शिणाणे कोणी प्रेमाने वाढले की मी पोट बिघडलंय म्हणतो.

सोलकढी

शंखांचं ऐकून आमच्या ह्यांनी जेवण अर्धवट सोडलं. बाकी धागा माहितीपूर्ण.

वाशिष्ठीकाठ

त्या पीफासचं कोणाला माहीत आहे का? ती न मोडणारी रसायनं. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता, लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात ते गेलं, २०१८ मध्ये कारखाना बुडाला, २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. तिथली यंत्रं लिलावात निघून आमच्याकडे लोट्याला आली. गावात सभा होतायत. आमच्या खाडीतल्या मासळीत ते मोजणार कोण?

खाजनकाठ

युरोपने १ जानेवारी २०२३ पासून मासे आणि शिंपल्यांसाठी त्याच्याही मर्यादा लागू केल्या. शिंपल्यांत चार प्रमुख पीफासची बेरीज किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम. म्हणजे युरोपला माल पाठवायचा तर कोणीतरी मोजेल. दाभोळच्या बाजारात बसणाऱ्या बाईचा मोजणार नाही. तुम्हाला एकच सुचवते: यंत्रं पूर्ण सुरू व्हायच्या आत खाडीतली कालवं कोणाकडून तरी तपासून आकडा लिहून ठेवा. नंतर "हे आधीपासूनच होतं" म्हणतात. वेळसांवला आधीचा आकडा कोणाकडे नव्हता.

वाशिष्ठीकाठ

सभेत सांगतो. नमुना कसा घ्यायचा ते लिहाल का?

खाजनकाठ

एकाच जागेची, एकाच आकाराची, वीस-पंचवीस कालवं. जागेचा फोटो, तारीख, भरती की ओहोटी. त्याच खाडीच्या पाण्याने चिखल धुवायचा, नळाच्या नाही. एक रात्र स्वच्छ खाडीच्या पाण्यात ठेवायची म्हणजे पोटातला गाळ निघून जातो, नाहीतर गाळच मोजला जाईल. मग कवचासकट बर्फात. पीफाससाठी बर्फाची पेटी, पिशव्या कुठल्या चालतील ते प्रयोगशाळेला आधी विचारा. काही प्लास्टिक आणि जलरोधक कापडांतच ते असतं, पावसाळी जाकीट घालून नमुने काढू नका. अर्धी कालवं दुसऱ्या फ्रीजरमध्ये वेगळी ठेवा, सहीनिशी बांधून. माझ्या नोकरीत हा दुसरा अर्धा भाग तीनदा कामी आला.

पेठेतला मासेखाऊ

पण ताई, मूळ प्रश्न राहिलाच. कुठल्या पाण्यातली हे कळायचं कसं? पुण्यात तर मासा "कोकणातला" एवढंच कळतं.

खाजनकाठ

केरळात अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांना २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातली तशी पहिलीच मासेमारी. तिथे कुठून, कोणी, किती, कुठल्या महिन्यात काढायच्या ते ठरलेलं आहे. म्हणजे होऊ शकतं. पण ते प्रमाणपत्र माल संपू नये यासाठीचं आहे, धातूंचं नाही. आणि तो माल बराचसा बाहेर जातो.

आपल्याकडचं सांगते. काल पुन्हा त्याच बाईकडे गेले. आता ओळख झालीय, मला पाहिल्यावर हसते. मी टोपलीत हात घातला. अर्ध्या तिसऱ्यांची कवचं फिकट, पिवळसर, रेतीतली. अर्ध्यांच्या कडांना काळी झाक, ती काळ्या चिखलात रुतून राहिलेल्यांना येते. दोन वेगवेगळ्या जागांचा माल एकत्र केलेला होता. काळी झाक म्हणजे विष असं नाही, तिथे हवा पोचत नाही एवढंच. पण त्या चिखलीच्या त्या जागेतल्या नक्कीच नव्हत्या.

तिला दोन्ही कवचं हातावर ठेवून दाखवली. म्हटलं, ही एक जागा, ही दुसरी. खरं सांग, खंयच्यो?

तिने आजूबाजूला बघितलं, टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "बाये, तुका खंयच्यो जाय तें सांग, त्यो म्हणटां."

मी फिकट तेवढ्या वेचून घेतल्या. वाट्याचे पैसे तिने पुरे घेतले.